फसवी सकाळ

मित्रांनो, मी वळणावरच्या खांबावरचा एक जुना दिवा आहे. पिवळा, जरा मंद आणि स्वभावाने भित्रा. वायरमनकाकांनी मला इथे बसवलं तेव्हा माझ्या डोक्यावर एक छोटा काचेचा डोळा लावला. त्याला उजेड दिसला की मी विझतो, अंधार पडला की पेटतो. पूर्वी लोक थांबून माझं कौतुक करायचे. आता कावळ्यांशिवाय माझ्याकडे कुणी फिरकत नाही.

त्या दिवसांत पाइपासाठी रस्त्यात खोल चर खणला होता. पलीकडे जायला एकच अरुंद फळी होती आणि सगळी भिस्त माझ्यावर.

एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, समोरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या आत्याची भाची ढब्बू गिऱ्हाइकाचे कपडे पोचवून परत येत होती. आत्या दारात उभी होती. ढब्बू फळीच्या मध्यावर आली आणि आभाळच पेटलं! एक हिरवट-पांढरा आगीचा गोळा छपरांवरून सरसरत गेला. लख्ख उजेड पडला. माझ्या डोळ्याला वाटलं, सकाळ झाली. मी विझलो. रांगेतले सगळेच दिवे विझले. मग गोळाही विझला आणि मिट्ट काळोख झाला.

“आत्या! मला काहीच दिसत नाहीये!”

“हलू नकोस, मी येते!”

“नको ना, फळी हलते!”

“बरं बाई, नाही येत. तू हळूच खाली बस. दोन्ही हातांनी फळी धर. बसलीस?”

“बसले.”

माझी तर पाचावर धारण बसली. माझ्या जातीचा दिवा एकदा विझला की निवल्याशिवाय पेटत नाही. कितीही धडपडलो तरी उजेड येईना. तेवढ्यात आभाळातून प्रचंड धमाका झाला. खिडक्या थरथरल्या, मी खांबासकट हादरलो, चरात माती कोसळली. ढब्बू किंचाळली आणि एकदम गप्प झाली. पोर गेली, असंच मला वाटलं.

अखेर माझ्यात लालसर धुगधुगी आली, मग उजेड. ढब्बू पालीसारखी फळीला चिकटून होती! आत्या रांगत गेली, तिला ओढून आणलं, आधी पाठीत धपाटा घातला आणि मग तिला कवटाळून रडली.

दुसऱ्या दिवशी वायरमनकाकांनी मला तपासलं. “दिवा ठीक आहे हो. ती उल्का होती. भल्याभल्यांची भंबेरी उडाली, याचं काय घेऊन बसलात!”

मित्रांनो, खड्डा खणलात तर त्याला कठडा करा. नुसत्या माझ्या भरवशावर कुणाला फळीवर पाठवू नका. चर बुजून बरेच दिवस झाले, पण माझी भीती गेलेली नाही. रोज खरी सकाळ होते, तेव्हाही विझण्याआधी मी रस्त्यावर ढब्बू नाही ना, ते बघून घेतो.