चिकाचा हलवा

पनवेलच्या झिल्पाबाई इस्रायलला गेलेल्या आपल्या ज्यू समाजातल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एक पाककृती टाकायच्या. "आंटी, एवढा खटाटोप कशाला?" असं कुणी विचारलं, की नुसत्या हसायच्या. त्यांचा अवीव त्या ग्रुपवर होता. वडिलांच्या दफनाला तो आला नाही, त्यावरून मायलेकांचं वाजलं आणि त्याने फोन उचलणंच सोडलं.

गव्हाच्या चिकाचा हलवा टाकला, तेव्हा एका अनोळखी मुलीचा मेसेज आला. "आई, मी ताली, अवीवची बायको. त्याने ग्रुप केव्हाच सोडलाय. पण तुमचा हलवा मी केला. हा कुणी शिकवला, म्हणून विचारत होता. काय सांगू?"

लेकाचं लग्न झाल्याचंही झिल्पाबाईंना आत्ताच कळत होतं. डोळे पुसत त्यांनी लिहिलं, "माझं नाव नको घेऊस गं. नाहीतर खायचा नाही."

मग झिल्पाबाई बिरड्याची कृती लिहायला बसल्या.