सहीनिशी लिहिलेले वाक्य

राजाभाऊंना वाक्यांचा फार सोस. कतारच्या लुसैल शहरातल्या एका अर्धवट टॉवरवर ते सुरक्षा-अधिकारी होते. रोज सकाळी हजेरीपूर्वी सूचनाफलकावर हिंदीतून एक सुविचार लिहायचा आणि त्याखाली सही, हुद्दा, तारीख घालायची, हा त्यांचा शिरस्ता. वाक्य स्वतःचेच असे. कधी प्रेमावर, कधी समाजावर. एका विशेषणासाठी ते पत्नीशी, मृणालिनीबाईंशी, जेवण निवेपर्यंत वाद घालत.

मे महिन्यातल्या त्या दिवशी त्यांनी लिहिले होते, की थकलेल्याला सावली देणे ही दया नव्हे, न्याय आहे.

दुपारी पारा त्रेचाळीसवर गेला. उन्हाळ्यातली भरदुपारची सरकारी कामबंदी लागू व्हायला अजून तीन आठवडे होते, आणि फुटबॉल विश्वचषकापूर्वी टॉवर उभा करण्याची घाई तर सर्वांच्याच मानगुटीवर बसलेली. अशा वेळी परांची बांधणाऱ्या टोळीचा मुकादम धोंडीराम सहा माणसांसह खाली उतरला आणि तासभर सावलीत बसला. प्रकल्प-व्यवस्थापक अरुणकुमारांनी जाब विचारताच त्याने फलकाकडे बोट दाखवले.

अरुणकुमारांनी राजाभाऊंना केबिनमध्ये बोलावले. "दो लाइन लिख दीजिए, बोर्ड पर सिर्फ सुविचार था, ऑर्डर नहीं. कल उस मुकादम का घर का टिकट. खलास."

"सुविचार ही था," राजाभाऊ म्हणाले. ते खरेही होते. "सुबह देता हूँ."

बाहेर धोंडीराम हेल्मेट काखेत धरून उभा होता.

"अरे, तो सुविचार होता! शाळेत फळ्यावर लिहितात तसा," राजाभाऊ चिडून म्हणाले.

"शाळंत गुरुजी सही करत नव्हते, सायेब. तुमची हाय. त्याच फळ्यावर पट्टा बांधा म्हनता, तवा बांधतो. मग सावलीत बसा म्हनलं तर बसू नये व्हय?"

राजाभाऊंनी फलकावरची आपली सही पुन्हा एकदा वाचली.

दोह्यातल्या अबू हमूर वस्तीतल्या घरी त्यांना काही सुचेना. दिवाणखान्यात फेऱ्या, मग सज्ज्यात, पुन्हा आत. चहावर साय धरली.

"मी खोटं लिहीत नाही, मृणाल. हेतू आदेशाचा नव्हताच."

"नव्हता ना? मग द्या लिहून. की त्यानं तुमचं वाक्य तुमच्यापेक्षा खरं मानलं, हे सलतंय?"

"तू विषयांतर करतेस."

"बरं. पण बसा तरी, अहो! डोळे फिरले माझे."

ते बसले नाहीत.

सकाळी अरुणकुमारांनी राजाभाऊंनी दिलेला कागद वाचला. फलकावरील मजकूर सुरक्षा-अधिकारी या नात्याने सहीनिशी दिला होता. कामगारांनी तो आदेश मानला, ते योग्यच झाले, असे त्यात होते.

"फिर उसको कैसे निकालूँ?" अरुणकुमारांचा आवाज खाली आला. "ये हेड ऑफिस गया तो टिकट आपका कटेगा, राजाभाऊ. वापस ले लीजिए."

राजाभाऊंनी कागद ओढून घेतला. त्यांनी पेन काढले, 'तासाभराच्या खोळंब्याची जबाबदारी सर्वस्वी माझी' ही ओळ खाली वाढवली आणि कागद परत सरकवला.

"अब भेजिए."

बाहेर धोंडीरामची टोळी परांचीवर चढू लागली होती. त्याने वरून हात केला. काय झाले, हे त्याला ठाऊक नव्हते. राजाभाऊंनीही हात केला आणि केबिनच्या दारापासून फाटकापर्यंत, फाटकापासून दारापर्यंत ते चालत राहिले. हेड ऑफिसचे बोलावणे केव्हाही येणार होते.