लाल हापशीची माय

बोरटेकच्या लाल हापशीभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. चिखल, फुटक्या नारळांच्या करवंट्या आणि त्यांवर घोंघावणाऱ्या माश्या. हापशीला हिरवी साडी नेसवली होती. दांड्यावर शेंदराचा एवढा थर चढला होता की हात लावणाऱ्याची बोटं तेलकट होत. मधोमध दसऱ्याला गावात आलेला शेंदूरबाबा पेला उंच धरून ओरडत होता.

"सरकार आलं, हापशीले लाल रंग लावून गेलं. सरकारले वाटलं, आपनच लावला! अरे बाप्पा, मायनं सरकारच्या हातानं शेंदूर लावून घेतला! आता देखो. कुंकू टाकतो. माय जागी असंल तर कुंकवाची हळद होईन!"

त्यानं काळ्या बाटलीतले लाल थेंब हापशीच्या पाण्यात सोडले. पाणी जरासं गुलाबी झालं आणि बघता बघता पिवळं पडलं. बायांनी पदर पसरले. मग त्यानं गावविहिरीचं पाणी घेऊन तेच थेंब टाकले. ते गुलाबीच राहिलं.

"हे मेलेलं पाणी! गुडघे धरले? कंबर वाकली? लेकराचे पाय वाकडे? मायचं पाणी प्या. दुसऱ्या पाण्याले शिवू नका. बोलो शेंदरी माय की जय!"

गर्दीच्या कडेला उभ्या इंदुताईंना किळस आली. गावच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं, आणि जयजयकार करणाऱ्यांत निम्मे त्यांचेच विद्यार्थी होते. त्या साली बोंडअळीनं कापूस पोखरला होता. वेचणीला गेलं की बोंडं किडकी निघत. अशा वेळी कुणी काहीही देऊ केलं तरी माणसं ओंजळ पुढं करतात. बाबानं ते बरोबर हेरलं होतं.

शेजारचा श्रावण दुसरीतल्या पायलच्या तोंडाला लोटा लावून उभा होता. पोरीचे पाय गुडघ्यांतून बाहेर वाकायला लागले होते.

"पप्पा, मले ओकारी येते."

"पी बेटा. पाय सरळ होतीन."

"श्रावण, थांबव हे," इंदुताई म्हणाल्या. "तिच्या दातांवर पट्टे आलेत, बघ. वर्षानुवर्षं हापशीचं पाणी पिणाऱ्यांनाच असे येतात. मला ह्या पाण्याचाच संशय आहे."

"बाई, दसऱ्यापासून तर विहिरीचं पाणी बंदच केलं. आता मधातच कसं सोडू? बाबा म्हणते, सोडलं तं माय कोपते."

इंदुताई रोज गर्दीत उभ्या राहून बाबाची बोटं न्याहाळत. पेल्याच्या तळाशी आधीच काही लावलं असेल का? नखात पूड असेल का? काही सापडेना. एका संध्याकाळी ओसरीवरच्या शिकवणीत पायलनंच विचारलं, "बाई, ते थेंब पानी ओळखते कसे?"

इंदुताईंनी हातातलं पुस्तक मिटलं. आपण सगळे बाबाच्या हातांकडे बघत होतो, आणि पोरगी पाण्याकडे बघत होती! दोन्ही पेल्यांत थेंब तेच, फरक पाण्यात. म्हणजे हा चमत्कार नव्हे, ही तपासणी आहे.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं यवतमाळला गेल्या. जमिनीखालचं पाणी तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात रुपाली नावाची तरुण भूवैज्ञानिक होती. तिनं सगळं ऐकलं आणि आठवड्याभरात जीप घेऊन बोरटेकला आली.

तिनं हापशीजवळ पेटी उघडली, परीक्षानळीत हापशीचं पाणी घेतलं, पेटीतल्या, बाबाच्यासारख्याच काळ्या बाटलीतले थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

"माय वं! ह्या बाईच्या बी अंगात आली!" म्हातारी मानीबाई किंचाळली आणि तिनं रुपालीचे पाय धरले. तिच्यामागं आणखी चार जणी वाकल्या.

"अहो आजी, उठा! मी देवी नाही, पगारी नोकर आहे." रुपालीनं दुसरी बाटली काढली. "हे पाणी दुसऱ्या तालुक्यातल्या हापशीचं. तीही आम्ही लाल रंगवलीय." थेंब टाकले. तेही पिवळं झालं.

"मंग तिथं बी माय हाये का जी?" श्रावणनं विचारलं.

"तिथं फ्लोराइड आहे, आणि इथंही. पाणी खोल खडकात वर्षानुवर्षं मुरतं, खडकातली खनिजं त्यात उतरतात. थोडं फ्लोराइड चालतं. जास्त झालं की आधी दात डागाळतात, मग सांधे आखडतात, लहान मुलांची हाडं वाकतात. तुमची विहीर उथळ आहे, तिच्यात पावसाचं पाणी येतं, म्हणून तिचं पाणी गुलाबी राहतं. गुलाबी म्हणजे प्या. पिवळं म्हणजे पिऊ नका. आणि लाल रंगाचा अर्थही तोच. धुण्याला वापरा, पोटात घालू नका."

"आमाले कोनी सांगतलं नाही," श्रावण म्हणाला.

"गेल्या साली दवंडी झाली होती रे," मागून सरपंच हिरासिंग ओशाळून म्हणाला. "वेचनीचे दिवस. सारं गाव वावरात होतं. ऐकाले होतं कोन?"

बाबा पुढं सरसावला. "झूठ! मायची परीक्षा घेता? माय कोपन!"

रुपालीनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "घनश्याम? दाढी वाढवलीस होय! गेल्या वर्षी आमच्या गाडीवर बाटल्या उचलायला होतास. आमची एक पेटीही तेव्हाच चोरीला गेली."

"बाई, हा बाबा जारचं पानी पिते," पायल म्हणाली. "त्याच्या झोपडीमागं पाहलं मी. रिकामे जार हायेत."

सगळे बाबाकडे वळले. पिवळ्याचा अर्थ त्याला ठाऊक होता. ठाऊक असूनच तो लेकरांना ते पाजत होता आणि स्वतः विकतचं पाणी पीत होता. अज्ञानाला इंदुताई कधीच रागावल्या नव्हत्या. हे अज्ञान नव्हतं.

श्रावण मुठी आवळून धावला. हिरासिंगनं त्याला कवेत धरलं. "मारू नको. जादूटोण्याचा कायदा हाये. ठान्यात फोन लावतो."

श्रावण पायलपुढं उकिडवा बसला. "बाई, म्या माह्या हातानं पाजलं हो. पोरीचे पाय सरळ होतीन ना?"

सगळ्यांचे डोळे इंदुताईंकडे लागले. हो म्हणणं किती सोपं होतं! बाबानं तेच तर केलं होतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "विहिरीचं पाणी, दूध, हिरव्या भाज्या सुरू कर. उद्या आपण तिला मोठ्या दवाखान्यात नेऊ. वाकणं थांबेल, एवढी आशा आहे. किती सरळ होतील, ते डॉक्टर तपासून सांगतील. आणि तुम्ही सगळे ऐका. जो न तपासता 'नक्की बरं करतो' म्हणतो, त्याच्यापासून लेकरं लांब ठेवा. समोर काही अजब घडलं तर हात जोडायच्या आधी पायलसारखं विचारा: हे होतं कसं? देव असेल तर ह्या प्रश्नानं रागावणार नाही. रागावतो तो भोंदू."

श्रावण उठला. हापशीपाशी भरून ठेवलेल्या लोट्यातलं पाणी त्यानं चिखलात ओतलं, पायलला खांद्यावर घेतलं आणि गावविहिरीची वाट धरली. एकेक करून बाया आपापल्या घागरी उचलून त्याच्यामागं निघाल्या.