पाठ टेकल्यानंतर

वसईतल्या माणिकपूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये जयवंत परुळेकर सर संध्याकाळी जुडो शिकवायचे. दिवसा टेलिफोन खात्यातली नोकरी, संध्याकाळी मॅट. त्यांची बायको स्वप्ना म्हणायची, ह्यांचं लग्न त्या मॅटशीच झालंय, मी आपली घर सांभाळायला. पापडीची एमिली तुस्कानो सातवीत असताना त्या हॉलमध्ये पहिल्यांदा आली आणि नर्सिंगला जाईपर्यंत तिथेच वाढली. पडायचं कसं, पाडायचं कसं, हरल्यावर समोरच्याला वाकून नमस्कार कसा करायचा, हे सगळं तिला सरांनी शिकवलं. एक गोष्ट तर त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की ती झोपेतही म्हणून दाखवू शकली असती. "पाठ टेकली की खेळ संपला. काय वाट्टेल ते कर, पण पाठ टेकू देऊ नकोस."

पुढे ती दुबईच्या एका इस्पितळात लागली. नर्सेसच्या हॉस्टेलजवळच्या जिममध्ये दुआर्ते नावाचे ब्राझिलियन कोच जिउ-जित्सू शिकवायचे. जुडोसारखंच काहीतरी असेल म्हणून एमिली डोकावली, आणि पहिल्याच दिवशी तिला कळलं की इथे पाठ टेकल्यावर खेळ सुरू होतो. उताणा पडलेला माणूस दोन्ही पायांनी समोरच्याला अडवतो, उलटवतो, त्याचा गळा नाहीतर हात अडकवतो, आणि वरचा बलदंड गडी हाताने थाप मारून हार कबूल करतो. त्याला म्हणतात टॅप करणं. एमिली तिथे सहा वर्षं घासली. पांढऱ्याचा निळा, निळ्याचा जांभळा बेल्ट झाला.

वडील गेले, आई मटिल्डा पापडीच्या घरात एकटी उरली, तेव्हा २००७ साली एमिली परत आली. वसईतच एका इस्पितळात नोकरी धरली आणि पहिल्याच शनिवारी सरांना भेटायला हॉलवर गेली. सर बावन्न वर्षांचे झाले होते. केस पांढरे, पण खांदे तसेच.

"काय शिकलीस तिकडे?" त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मॅटकडे बोट केलं. "दाखव."

सरांनी तिला पहिल्याच झटक्यात फेकलं. ते फेकणं इतकं सुबक होतं की पडताना तिला स्वतःच्या गुरूचा अभिमान वाटला. पण पडतानाही तिने त्यांची बाही सोडली नव्हती. बाहीला लागून सरही खाली आले, आणि खाली येताच तीस वर्षांच्या सवयीने त्यांनी पाठ वाचवायला गिरकी घेतली आणि पालथे झाले. एमिलीला एवढंच हवं होतं. ती त्यांच्या पाठीवर चढली, हात गळ्याखाली सरकवला, आणि सरांनी मॅटवर थाप मारली.

क्लासची पोरं कडेला उभी राहून बघत होती. नायगावचा कल्पेश, खाडीकाठच्या शेतकरी घरातला नव्वद किलोंचा पोरगा, हळूच म्हणाला, "सर, पाय घसरला का?"

"नाही," सर म्हणाले. "पाय नाही घसरला. एमिली, परत."

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच. मग सर मॅटवर बसून राहिले, धापा टाकत, गळा चोळत. एमिलीला वाटलं, आपण भलतंच करून बसलो. पोरांसमोर असं करायला नको होतं. सर म्हणाले, "हे इथे शिकवशील?"

"मुलांना?"

"सगळ्यांना."

सोमवारी ती हॉलवर आली तेव्हा पोरं बेल्टच्या क्रमाने ओळीत उभी होती. जुनी पोरं पुढे, नवी मागे. पुढची सरांची जागा रिकामी होती. तिला वाटलं, सर आलेच नाहीत. मग ओळीच्या अगदी शेवटी, कालपरवा आलेल्या दोन शाळकरी मुलांच्या पलीकडे, तिला पांढरे केस दिसले. सरांच्या कमरेला कोरा पांढरा बेल्ट होता.

ती धावतच तिकडे गेली. "सर, असं नका करू. तुम्ही पुढे उभे राहा ना."

"जुडोत मी पुढे," सर हलक्या आवाजात म्हणाले. "ह्यात मला काय येतं? आणि मॅटवर मला सर म्हणू नका, कोच. पोरं गोंधळतील."

त्यांनी तिला 'अहो' केलं होतं. एमिली पुढे गेली आणि शिकवायला लागली. 'सर' म्हणायचं मात्र तिला शेवटपर्यंत सोडता आलं नाही. सरांनी आपला नेम पाळला. मॅटवर असताना 'कोच, हे परत दाखवा', आणि मॅटवरून उतरून चपला घातल्या की 'एमिली, आईला बरं आहे ना तुझ्या?'

सगळ्यांना हे रुचलं नाही. दोन-तीन पालकांनी मुलं काढून घेतली. ज्याने शिकवायचं तोच शिकतोय म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. विरारला जुडोचा क्लास चालवणारे शत्रुघ्न म्हात्रे हे सरांचे जुने जोडीदार. ते एकदा मुद्दाम बघायला आले. सर तेव्हा कल्पेशच्या खाली चेपलेले होते.

"जयवंत, लाज सोडलीस का रे?" म्हात्रे म्हणाले. "ब्लॅक बेल्ट मिळवायला किती वर्षं घालवलीस?"

सरांनी कल्पेशच्या काखेतून तोंड बाहेर काढलं. "तो घरी कपाटात आहे," ते म्हणाले. "कुठे जात नाही." आणि पुन्हा आत गेले.

खरी अडचण होती ती सरांच्या अंगाची. डोक्याला पटलेलं अंगाला पटत नव्हतं. एमिली समजावून सांगायची, सर मान हलवायचे, बरोबर म्हणायचे, आणि कोणी अंगावर आलं की क्षणात पालथे. पालथे झाले की गळा गेलाच. शाळकरी पोरंसुद्धा त्यांचा गळा धरायला शिकली. हॉलमध्ये संध्याकाळभर सरांची थाप ऐकू यायची. एमिलीला ते बघवेना. मग तिने नकळत एक गोष्ट सुरू केली. सरांबरोबर खेळताना हात गळ्याखाली गेला की ती पकड थोडी ढिली ठेवायची, सरांना निसटू द्यायची.

काही आठवडे असे गेले. एका संध्याकाळी क्लास सुटल्यावर सर तिच्या स्कूटीजवळ येऊन उभे राहिले. पायांत चपला होत्या.

"एमिली, तू इस्पितळात ब्लडप्रेशर तपासतेस ना?"

"हो, सर."

"पेशंट म्हातारा असला, भला माणूस असला, तर आकडा कमी करून सांगतेस का?"

एमिलीच्या लक्षात आलं. तिने मान खाली घातली.

"आज दोनदा मी सुटलो नव्हतो. तू सोडलंस," सर म्हणाले. आवाजात चीड नव्हती, पण गंमतही नव्हती. "तू बारा वर्षांची होतीस तेव्हा मी तुला किती वेळा पाडलं? रडायचीस. मी कधी हळू पाडलं?"

"नाही, सर."

"मग माझ्यावर हा अन्याय का? मला आता वेळ कमी आहे, त्यात तू माझी खोटी समजूत करून देतेस. उद्यापासून नीट धर."

दुसऱ्या दिवशी तिने नीट धरलं. एकदा, दोनदा, पाचदा. सर दर वेळी थाप मारून उठायचे, बेल्ट सारखा करायचे आणि विचारायचे, "कुठे चुकलो, कोच?" त्या विचारण्यात एकदाही कुरकुर नव्हती. एमिलीने इस्पितळात मोठमोठे डॉक्टर पाहिले होते, दुबईत स्पर्धा जिंकणारे गडी पाहिले होते. पण हा प्रश्न इतक्या सरळपणे विचारणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

एका रविवारी बाजारात स्वप्नाकाकू भेटल्या. त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "अगं, काय शिकवलंस तू ह्यांना? टीव्हीवर बातम्या लागल्या की घरात फरशीवर उताणे पडतात आणि उलट्या पडलेल्या झुरळासारखे पाय हलवतात. परवा माझा भाऊ आला, तरी उठेनात. म्हणाले, बसा, माझे अजून पन्नास राहिलेत."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावून काय करू? ह्या वयात माणसं गुडघे धरून बसतात. हे आपले पाय हवेत उडवतायत." काकूंनी पिशवी उचलली. चेहऱ्यावर तक्रार होती, पण ती फार खोल नव्हती.

असं वर्ष गेलं. एका संध्याकाळी कल्पेश सरांवर चालून गेला आणि सर पालथे झाले नाहीत. पाठ मॅटला टेकलेली, दोन्ही पाय कल्पेशच्या कमरेभोवती, हात त्याच्या कॉलरवर. कल्पेशने जोर लावला, इकडून आला, तिकडून आला. सर कूस बदलायचे, पाय मध्ये घालायचे, आणि त्याला पुन्हा होता तिथे आणायचे. घड्याळाची बेल वाजेपर्यंत कल्पेशला काही करता आलं नाही. तो घामाने निथळत उठला.

"कोनाला सांगितलं तर पटायचं नाय," तो एमिलीला म्हणाला. "सर खाली हुते, आन् दमलो मी."

सर छताकडे बघत तसेच पडून राहिले होते. एमिली जवळ जाऊन बसली. "काय झालं, सर?"

"काही नाही, कोच. पडल्यावर बरं वाटतंय. असं पहिल्यांदाच होतंय." ते हसले.

२००९च्या हिवाळ्यात अंधेरीला एका हॉलमध्ये चार-पाच क्लबांनी मिळून छोटी स्पर्धा भरवली. सरांनी नाव दिलं. चाळिशीपुढच्यांच्या गटात तिघंच होते, आणि त्यांतही सर सगळ्यांत मोठे. प्रेक्षकांत शत्रुघ्न म्हात्रे होते. त्यांच्या क्लासची दोन पोरं मजा म्हणून उतरली होती. त्यांच्या आसपास जुडोतली आणखी जुनी मंडळी बसली होती. त्या सगळ्यांनी कधीकाळी सरांच्या हातून मार खाल्लेला होता.

पहिली लढत ठाण्याच्या एका पोलीस हवालदाराशी होती. माणूस दाराएवढा. सरांनी कॉलर धरली तशी जुडोची मंडळी पुढे सरसावून बसली. आता परुळेकर फेकणार. सरांनी प्रयत्नही केला. हवालदार जागचा हलला नाही. मग सरांनी कॉलर न सोडता त्याच्या पायाशी शांतपणे स्वतःच पाठ टेकली.

"गेला," म्हात्रे मोठ्याने म्हणाले. दोघं-तिघं हसले.

एमिली मॅटच्या कडेला गुडघ्यांवर बसली होती. तिला काही ओरडून सांगायचं होतं, पण सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. सर सगळं बरोबर करत होते. हवालदाराने वजन टाकलं. सरांनी ते वजन पायांवर घेतलं, कूस वळवली, त्याची बाही खेचली, आणि तो दाराएवढा माणूस कलंडून बाजूला पडला. सर त्याच्यासोबतच वळून वर गेले. हवालदाराने त्यांना ढकलायला हात लांब केला. तो हात सरांनी छातीशी धरला, पाय त्याच्या तोंडावरून पलीकडे टाकला आणि हळूहळू मागे झुकले. थाप पडली.

टाळ्या वाजवणाऱ्यांत म्हात्रेही होते. ते उभेच राहिले होते.

दुसरी लढत सर हरले. समोरचा पुण्याचा, बारा वर्षांनी लहान, चपळ. दोन मिनिटांत त्याने सरांच्याच कॉलरने त्यांचा गळा आवळला. सरांनी वेळ न घालवता थाप मारली, उठले, वाकून नमस्कार केला. एमिली पाणी घेऊन पुढे गेली, तर सर जागेवर नव्हते. ते त्या पुण्याच्या माणसाला कोपऱ्यात गाठून उभे होते.

"तुमचा डावा हात कधी आत गेला, मला कळलंच नाही," ते म्हणत होते. "परत दाखवाल का? घाई नसेल तर."

तो माणूस आधी बावचळला, मग खुशीत आला. त्याने सरांच्या गळ्यात हात घालून सावकाश दाखवलं. सरांनी तीनदा करून घेतलं. पदकवाटपाला सरांचं नाव पुकारलं, तेव्हाही ते तिथेच उताणे पडले होते आणि कल्पेशला जाऊन त्यांना उठवावं लागलं.

एमिली भिंतीला टेकून हे बघत होती. पापडीच्या घरात तिने स्पर्धांत जिंकलेल्या सात-आठ ढाली मांडून ठेवलेल्या होत्या, आई रोज पुसायची. पण आपण ह्या माणसाचे विद्यार्थी आहोत, हे त्या दिवशी तिला त्या सगळ्या ढालींपेक्षा मोठं वाटलं.

पुढच्या वर्षी दुआर्ते मुंबईत आले होते, ते दोन दिवस वसईलाही येऊन गेले. त्यांनी सगळ्यांना खेळवलं, सरांबरोबर स्वतः बराच वेळ खेळले. शेवटी पिशवीतून निळा बेल्ट काढून त्यांनी एमिलीच्या हातात दिला आणि सरांकडे मान केली. एमिलीने तो सरांच्या कमरेला बांधला आणि गाठ घट्ट ओढली. सर ताठ उभे होते, परीक्षेला बसल्यासारखे. पोरं टाळ्या वाजवत असताना त्यांनी वाकून नमस्कार केला तो आधी एमिलीला, मग दुआर्तेंना.

क्लास वाढला. पालक परत आले. म्हात्रे अजून मॅटवर उतरलेले नाहीत, पण त्यांनी आपली चार पोरं शनिवारी माणिकपूरला पाठवायला सुरुवात केली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एमिली महिनाभर दुबईला सरावासाठी गेली, तेव्हा क्लास सरांनी सांभाळला. एका संध्याकाळी तिचा फोन वाजला. सर हॉलमधून बोलत होते.

"आईकडे कालच जाऊन आलो, बरी आहे," ते घाईघाईने म्हणाले. "आता मला सांग, वरच्याने माझा एक पाय गुडघ्याने दाबून धरला, तर दुसरा पाय मी आतून घालू की बाहेरून?"

"तुम्ही कुठल्या कुशीवर आहात, सर?"

"थांब. कल्पेशला वर बसवतो आणि बघतो."

फोन मॅटवर ठेवल्याचा आवाज आला. मग कल्पेशचं हसणं, कोणीतरी धपकन पडल्याचा आवाज, आणि लांबून सरांचा प्रश्न: "उजव्या. मी उजव्या कुशीवर आहे. आता?"