तांड्याची टाकी

दिवाळी सरली की मानोऱ्याकडचा तो तांडा ओस पडतो. ट्रक येतात. भांडीकुंडी, लेकरं, कोंबड्यासुद्धा चढतात, आणि सगळे ऊसतोडीला जातात ते होळीलाच परततात. मागं राहायची एकटी भुरीबाई. सत्तरीच्या बाईच्या हाती कोयता कोण देणार? चार महिने बोलायला माणूस नाही. बाई शेळीशी बोलायची, शेळी मेल्यावर चुलीशी भांडायला लागली.

यंदा जाताना लेक वीरेंद्र म्हणाला होता, "याडी, तांड्यात पान्याची टाकी झाली का दोन म्हशी घेतो. मंग तुले सोडून मी कुठीच जात नाही." टाकी मंजूरही झाली होती. आईनं त्या एका बोलावर हिवाळा ढकलायला घेतला.

अन् एक दिवस पंचायतीचा शिपाई रामराव दवंडी द्यायला आला. कुलपं लागलेल्या घरांपुढं बेंबीच्या देठापासून ओरडला. नियम म्हणजे नियम! "उद्या ग्रामसभा हाये होऽऽ! तांड्याची टाकी गावात हलवाचा ठराव हाये!"

भुरीबाई चुलीपुढून उठून दारात आली. गाव आणि तांड्याची पंचायत एकच. पण सारा तांडा उसात असताना असा ठराव घ्यायचा? हा तर दिवसाढवळ्या दरोडाच की!

दुसऱ्या दिवशी ठेवणीतली ओढणी घेऊन ती दोन कोस चालत गेली. पटांगणात लोक ताटकळले होते, सभा काही सुरू होत नव्हती. हिला पाहताच सरपंच चक्क उठून उभे राहिले. "या काकू, या! आंधी हजेरीवर अंगठा लावा." एवढा मान! बाई हरखली. कोपऱ्यातून रामराव 'नको नको' अशी मान हलवत होता, तो कशाला दिसतोय? अंगठा उमटला, सभा सुरू झाली.

"आमी इथं नाही म्हून आमची टाकी नेता? लाज धरा रे!" ती कडाडली. सगळ्यांनी खाली माना घालून ऐकलं आणि मग हात वर केले. विरोधात हात एकच.

बाहेर रामरावानं तिला गाठलं. "भुरीबाई, तुमी काहून आल्या वो? सभेले शंभर मानूस लागते. नव्व्यान्नव होते. कटाळून उठूनच राह्यले होते सारे. तुमी नसत्या आल्या तं सभा होळीच्या पुढं गेली असती, तवर तुमचा तांडा परतला असता."

"मंग कालच काहून नाही सांगतलं?"

"एकासाठी अडन, हे मले तरी काय ठाव?"

आठ दिवसांनी वीरेंद्रचा फोन आला. "याडी, टाकी गावानं नेली म्हने. आता आमी इकडंच खोली पाहून राह्यलो." मग म्हणाला, "आपल्या तांड्यातून सभेले कोनीच नव्हतं का गेलं?"

भुरीबाईनं रिकाम्या गल्लीकडं पाहिलं.

"कोनीच नाही रे बाप्पा," ती म्हणाली. "इथं हाये कोन?"