दोन अंगठ्यांचं बेट

रंगाच्या दुकानात दोन भाऊ बसत, एक थोरला आणि एक धाकटा. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणी आणि म्हणे, "अगदी असाच द्या." आता असाच म्हणजे कसा, हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. दिव्याखाली एक रंग दिसतो, दारात नेऊन बघितला की तोच वेगळा दिसतो. म्हणून या दोघांची एक रीत होती. पोपडा मधे ठेवायचा, दोघांनी रंगांचा एकेक तक्ता हातात घ्यायचा, एकमेकांकडे पाठ करायची आणि पटलेल्या चौकोनावर अंगठा ठेवून मगच वळायचं. दोन्ही अंगठे एकाच रंगावर आले तर डबा भरायचा. आणि ते येतच.

दुकानापुरतं हे ठीक होतं. पण घराचा दरवाजा, पडदे, चादरी, इतकंच काय, थोरल्याच्या बायकोच्या चपलासुद्धा याच रीतीने घरात आल्या होत्या. तिचा अंगठा कुणी कधी मागितला नव्हता. लग्नानंतर नवराबायको पहिल्यांदा फिरायला निघाले, तेव्हा धाकटा गाडीत दोघांच्या मधे बसला होता. वाटभर "दादा, ते छप्पर बघ, पिवळा जास्त पडलाय" आणि "हो रे, पाव चमचा जास्त" एवढंच तिच्या कानावर पडलं.

यंदा मात्र तिने मनाशी पक्कं केलं होतं. समुद्र, वाळू, नवरा आणि ती. तिसरं कुणी नको.

त्यासाठी तिने एक बेट शोधून ठेवलं होतं. विमानातून उतरल्यावर तिथे जायला अर्धा दिवस बोटीत बसावं लागे. धाकट्याला बागेतल्या तळ्यातली होडीसुद्धा सोसत नसे; एकदा त्याने शेजारच्या बाईची अख्खी पर्स खराब केली होती. शिवाय त्या बेटावर राहायला होत्या फक्त दोघांच्या झोपड्या.

सहली ठरवून देणारी बाई, जिला ती तिकीटवाली म्हणे, तिच्याकडे जाऊन तिने विचारलं, "या बेटाचा रंग न चढवलेला फोटो आहे का?"

"आहे एक. पण मळकट आहे हो. तो दाखवला तर कुणी फिरकणार नाही."

"आमच्याकडचे फिरकतील," ती म्हणाली.

आणि ते खरंच होतं. बाकीच्या फोटोंतला समुद्र पाहिला की या भावांच्या कपाळावर आठी पडणार, हे तिला पाठ होतं.

दुपारी दुकानात गर्दी नसताना तिने काउंटरवर पाच बेटं मांडली. धाकट्याने डबा उघडायचा स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"वहिनी, माझं तिकीटही धरलंय ना?"

"भावोजी, आधी बेट तर ठरू दे."

"म्हणजे नाही धरलेलं." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "दादा, बघतोयस ना? वहिनींना मी खुपतो."

"खुपता," ती म्हणाली. "मी कधी लपवलंय?"

"अगं, हे काय बोलणं झालं?" थोरला म्हणाला.

"खरं बोलणं झालं. तुम्ही दोघं रोज बोलता ना, तसलं."

"बरं, बरं," थोरला म्हणाला आणि फोटोंवर वाकला. भांडण दोघांपैकी कुणाचंही असो, तो असाच कशावर तरी वाकायचा. "हा समुद्र आहे की फिनाईल?"

"आणि हा बघ, दादा. असलं निळं पाणी प्यायलं तर जीभ आठवडाभर निळी राहील."

मग रीतीप्रमाणे फोटोंची एकेक प्रत घेऊन दोघं पाठमोरे झाले. दोघं वळले, तेव्हा दोन्ही अंगठे त्या मळकट फोटोवर होते.

"यात करडा आहे," धाकटा हळूच म्हणाला.

"करड्याखाली हिरवा. आणि कडेला बघ, वाळूजवळ."

"ते आपल्याला कधी जमलेलं नाही, दादा. दरवेळी आपण काळा टाकतो आणि घाण होतं."

"तिथे बोटीने जावं लागतं, भावोजी," ती घाईने म्हणाली. "अर्धा दिवस. तळं आठवतंय ना?"

"ओकेन," धाकटा म्हणाला. त्याने फोटोवरून नजरही उचलली नाही. "वाटभर ओकेन. पण हा रंग मी डोळ्यांनी बघणार."

तिच्या लक्षात आलं. नवऱ्यासाठी तिने गळ टाकला होता आणि त्याच गळाला धाकटाही लागला होता. दोघांचे डोळे एकच, ही गोष्ट तिला पाठ होती. नेमकी तीच ती हिशोबात धरायला विसरली होती.

"झोपडी दोघांचीच आहे," ती म्हणाली. "दोन खाटा. तिसरी मिळत नाही."

थोरला अजून वाकलेलाच होता. तसाच, मान वर न करता, तो म्हणाला, "मग असं करू. यावेळी आम्ही दोघं जाऊन येतो. तुला काय, पुढच्या वर्षी—"

काउंटरवर काळ्या स्टेनरची बाटली उघडीच होती. एक थेंब पडला की अख्खा डबा काळवंडतो, असला तो दाट रंग. तिने त्यात अंगठा बुडवला आणि फोटोतल्या समुद्रावर टेकवून वाळूपर्यंत ओढत नेला.

"हा माझा अंगठा," ती म्हणाली. "इतकी वर्षं कुणी मागितला नाही, म्हणून आज न मागता देते."

"वहिनी! वेड लागलंय का?" धाकटा ओरडला. "दादा, बघ काय केलं तिने! सगळा रंग मेला!"

तिने डाव्या हाताने तिकीटवालीला फोन लावला. "ती धरून ठेवलेली झोपडी नको. हो, रद्दच करा. नाही, दुसरं बेटही नको. आमच्या घरातून कुणीच येत नाही."

थोरल्याने आता मान वर केली. तो फोटोकडे बघत नव्हता. तिच्या अंगठ्याकडे बघत होता, आणि बघतच राहिला. ती थांबली नाही. मागच्या नळावर जाऊन टर्पेंटाइनच्या बोळ्याने अंगठा घासू लागली.

तेवढ्यात एक गवंडी पोपडा घेऊन आला. साधा बदामी रंग, डोळे मिटूनही सापडेल असा. भावांनी तक्ते उचलले, एकमेकांकडे पाठ केली आणि वळले.

"दादा," धाकटा म्हणाला, "चुकलास. नीट बघ."

"बघितलं. माझा हाच."

"अरे, हा गुलाबीकडे जातोय! आंधळ्यालाही कळेल!"

"मग आंधळ्याला विचार. मी अंगठा हलवणार नाही."

गवंडी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत उभा राहिला. शेवटी पोपडा खिशात घालून समोरच्या दुकानात गेला.

आत तिला सगळं ऐकू आलं होतं. तिने नळ मोठा सोडला. काळा अजून नखाच्या कडेला होता.