चौकशी त्याची झाली, माझी नाही

मित्रांनो, मी एक जुना तारा आहे. पण आकाशातला नव्हे, माडावरचा. आमच्या देवबागेत नाताळच्या ताऱ्याला नखेत्र म्हणतात. माझा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा आहे, अंगावर पतंगाचा पिवळा कागद आहे आणि पोटात साठ वॅटचा दिवा. एका बाजूचं टोक जरा वाकडं आहे. बाबुशने मला बनवलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, नुकतं लग्न झालं होतं, आणि त्याचं अर्धं लक्ष माझ्याकडे आणि अर्धं सेवरीनाकडे होतं. म्हणून ते टोक वाकडं राहिलं. मला त्याचा राग नाही.

राग मला दुसऱ्याच कुणाचा आहे, आणि तो मी लपवणार नाही. तुम्ही वर्तमानपत्रात ज्याचा फोटो पाहिलात, ज्याच्यापायी सैन्याची गाडी आमच्या गावात आली, त्या प्लॅस्टिकच्या ताऱ्यावर मी जळतो. अगदी मनापासून जळतो.

आधी माझ्या चांगल्या दिवसांचं ऐका. आमचं गाव म्हणजे वाळूची एक लांब जीभ. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. जिभेच्या टोकाशी खाडीचं मुख आहे आणि मुखाशी पाण्याखाली वाळूचा दांडा. तो दांडा चुकवून आत यायचं तर होडीवाल्यांना जमिनीवरची खूण लागते. आमच्या अंगणातला वाकडा माड ही ती खूण. तो खाडीपलीकडच्या टॉवरखाली आला की समोरचं पाणी खोल, होडी सरळ आत घालावी. पण डिसेंबरात दिवस लहान, होडी परतेपर्यंत अंधारून येतं आणि माड दिसत नाही. मग दिसायचो मी. नाताळच्या चार रविवार आधी मला कप्पीवरून त्या माडावर चढवत, आणि सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, उतरवत. टॉवरच्या लाल दिव्याखाली माझा पिवळा दिवा आला की सत्यवान तांडेल सुकाणू सरळ करायचा. सगळ्यांत उशिरा येणारी होडी त्याचीच असायची. बाकी लोक मला सणासाठी बघत. तो मला घरी येण्यासाठी बघायचा. अशी चाळीस वर्षं झाली. कागद दर दुसऱ्या वर्षी नवा, खळ नवी, दिवे किती गेले त्याची गणती नाही. पण जागा तीच.

यंदा बाबुश डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गोव्यात मुलीकडे गेला आणि त्याच वेळी त्याचा मुलगा क्लाइव्ह रजेवर आला. क्लाइव्ह जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे. येताना त्याने एक खोकं आणलं. त्यातून तो निघाला! चकचकीत, पारदर्शक, अंगभर बारीक दिवे. लाल होतो, हिरवा होतो, निळा होतो, मधेच विझून पुन्हा पांढरा फटफटीत पेटतो. सेवरीनाने दोन्ही हात गालांवर ठेवले आणि म्हणाली, "अरे देवा, किती बरो दिसता!" मला चाळीस वर्षांत ती असं कधी म्हणाली नव्हती. माझ्या कामट्यांचा तिळपापड झाला.

त्याची वायर वाकड्या माडापर्यंत पोचेना. म्हणून क्लाइव्हने त्याला अंगणाच्या दुसऱ्या टोकाच्या उंच माडावर चढवला, अगदी शेंड्याला. मला माळ्यावर टाकलं, फणसाच्या जुन्या फळीमागे. रजा संपली म्हणून दुपारच्या गाडीने क्लाइव्ह मुंबईला गेला आणि तिथून बोटीवर. कौलाच्या फटीतून मला अंगण, पडवी आणि समुद्राचा थोडा तुकडा दिसायचा. तेवढ्यावरून मी सगळं पाहिलं, आणि कान तर माझे तिखटच आहेत.

त्याच सांजेला समुद्रावर दाट धुकं उतरलं. डिसेंबरात कधीमधी उतरतं. माड गेले, घरं गेली, उरला फक्त तो, धुक्यावर टांगल्यासारखा. शेजारच्या प्रीतमच्या होमस्टेमधल्या एका पाहुण्याने किनाऱ्यावर उभं राहून त्याचा व्हिडिओ काढला. फिरणारे रंग, खाली काहीच नाही, आजूबाजूला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी जगभर झालं, मालवणच्या समुद्रावर उडती तबकडी! प्रीतमच्या सगळ्या खोल्या भरल्या. गावातल्या प्रत्येकाने तो व्हिडिओ दहादा पाहिला आणि एकालाही त्यात सेवरीनाच्या अंगणातला तारा दिसला नाही. खालून बघणाऱ्याला तो माडावरचा तारा होता. समुद्राकडून बघणाऱ्याला अधांतरी लटकलेलं भूत. माळ्यावरून मी ओरडून सांगितलं असतं, पण कामटीला कुठला आवाज?

आणि त्याच सांजेला सत्यवानची होडी दांड्यावर चढली.

त्याचं झालं असं. मुखापाशी येऊन त्याने नेहमीसारखं टॉवरच्या, धुक्यात अंधुक झालेल्या दिव्याखाली पाहिलं. तिथे काळोख. त्याच्या डावीकडे, भलत्याच उंचीवर, रंग बदलणारं काहीतरी. खूण दिसत नाही तोवर आत शिरायचं नाही, हा त्याचा नेम. तो थांबला. थांबता थांबता ओहोटी लागली, होडी वाळूवर टेकली आणि पंखा मोडला. चार खलाशी कमरेएवढ्या पाण्यातून चालत किनाऱ्याला आले. जीव सगळ्यांचे वाचले.

मित्रांनो, ही बातमी अंगणात आली तेव्हा मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. भोगा म्हटलं, काढा मला माडावरून! आता कळेल माझी किंमत. असा मी, येशूच्या जन्माची खूण म्हणून बनवलेला.

पण कुणालाच माझी आठवण आली नाही. सत्यवान फाटकाशी येऊन म्हणाला, "वयनी, काल तुमी नखेत्र लायलास नाय?"

सेवरीना चिडली. "लायलंय तर! सांज झाली काय लायतंय. चाळीस वर्सां एक दीस चुकाक नाय!"

"माका दिसाक नाय."

"मगे डोळे तपासून घे. माझ्या घोवान घेतल्यान तसे."

बघा, तिच्या लेखी नखेत्र म्हणजे नखेत्र. जुनं काय, नवं काय. तिने दिवा लावला होता, ती खरी. त्याला खूण दिसली नव्हती, तोही खरा. पण तिचं ते वाक्य वाऱ्यासारखं गावभर पसरलं. तांडेलाची नजर गेली. एका दिव्याला घाबरला आणि चार पोरांना दांड्यावर घातलं. पंखा दुरुस्त झाला तरी त्याचे खलाशी म्हणाले, आता तुझ्या हातात सुकाणू असेल तर आम्ही येत नाही. त्यातला थोरला, गुरुदास, त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. तांडेलाची नजर गेली असं म्हणणं म्हणजे त्याला जिवंतपणी घरी बसवणं.

चौथ्या दिवशी सैन्याची गाडी आली. किनाऱ्यावरच्या आकाशात अनोळखी काही दिसलं तर ते तपासणं त्यांचं कामच. तिघं होते, आणि त्यांच्या प्रमुख होत्या भक्ती मॅडम. त्यांनी आमच्याच पडवीत टेबल मांडलं, कारण तिथून समुद्र आणि खाडी दोन्ही दिसतात. मॅडमची पद्धत मोठी शिस्तीची. त्या म्हणाल्या, "तबकडी आम्ही शोधत नाही. त्या वेळी पेटलेला प्रत्येक दिवा आम्ही शोधतो आणि एकेक वगळत जातो. काहीच उरलं नाही, तर पुढचं बघू."

मग यादी सुरू झाली. मच्छीमार होड्या, प्रीतमच्या बागेतले दिवे, तारकर्लीतलं लग्न, कुणाचा ड्रोन, विमानं, शुक्राची चांदणी. शुक्राची चांदणीसुद्धा आली यादीत! अंगणातल्या ताऱ्याजवळ मॅडम थांबल्या आणि त्यांनी सत्यवानला बोलावलं, कारण समुद्रावरून ते पाहिलेला जाणता साक्षीदार तोच.

"तुम्हाला दिसला तो दिवा या घरचा तारा असू शकेल?"

"नाय मॅडम." सत्यवान वर न बघताच मान ताठ करून म्हणाला. "ह्या घरचा नखेत्र मी झोपेत पण वळखीन. तेची जागा येगळी, रंग येगळो. ता त्या दिसा पेटाकच नाय."

चाळीस वर्षं सुकाणू धरलेल्या तांडेलाचा शब्द तो. मॅडमनी ताऱ्यावर काट मारली. माझ्यावरच्या त्याच्या भरवशाने तो स्वतःच अडकला. कारण लगेच दुसऱ्या अधिकाऱ्याने सेवरीनाचा जबाब पुढे सरकवला, तारा रोज पेटतो. मॅडम वाचून हळूच म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला पेटलेला तारा दिसला नाही, आणि भलतंच काहीतरी दिसलं." गुरुदासने खाली पाहिलं. सत्यवान पायऱ्या उतरला आणि फाटकाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

तेव्हा पहिल्यांदा माझा आनंद मला बोचला. मी जळत होतो त्या नव्यावर, आणि होरपळत होता तो, ज्याने माझ्याशिवाय दुसऱ्या दिव्यावर कधी भरवसा टाकला नाही.

सेवरीना चहा घेऊन आली. तिलाही वाईट वाटत असावं. तिने एक कप फाटकाकडेही धाडला. तो तसाच परत आला. मॅडम कप हातात घेऊन वर बघत सहज म्हणाल्या, "चाळीस वर्षांचा आहे, पण अगदी नवा वाटतो हो तुमचा तारा."

"नवोच तो बाय. क्लाइव्हान हाडल्यान. जुना माळ्यार आसा."

मॅडमनी कप खाली ठेवला. "आणला कधी?"

"त्याच दिसा सकाळी लायलो. जुना ह्या वाकड्या माडार असता. पण वायर पावना, म्हणान त्या माडार."

फाटकाशी उभा असलेला सत्यवान वळला. तो धावला नाही, हळूहळू चालत पडवीपाशी आला आणि सेवरीनाकडे बघत राहिला. "वयनी," तो म्हणाला, "खूण हालयलास तर माका सांगूक नको?"

 सेवरीनाने पदराने तोंड झाकलं. "माका सुचाकच नाय रे, सत्यवाना. घरातली वस्त ती. माका खंय म्हायत, तू तेका बघून येतस ता!"

चाळीस वर्षं शेजार, आणि तिला ठाऊक नव्हतं. त्याने कधी सांगितलं नव्हतं, तिने कधी विचारलं नव्हतं. माड आपल्या जागी उभा होता तोवर सांगायची गरजही नव्हती.

पण मॅडमना नुसतं बोलणं पुरत नाही. त्यांना पडताळा हवा. त्या सांजेला प्रीतमच्या बोटीतून त्या समुद्रात गेल्या. सोबत सत्यवान आणि त्याचे चारही खलाशी. बाबुश दुपारीच काळा चष्मा लावून गोव्याहून आला होता. त्याने मला माळ्यावरून काढलं, फुंकर मारून धूळ उडवली. कागद तीन ठिकाणी फाटला होता. "मेल्या क्लाइव्हा," एवढंच तो बोलला, आणि स्वतः कप्पीची दोरी ओढली. सेवरीनाने बोटीवर फोन लावून मोबाइल मोठ्या आवाजावर ठेवला.

आधी त्या नव्याला पेटवलं, मला काळोखात ठेवलं. सैन्याची चौकशी असली म्हणून काय झालं, आधी तोच! पलीकडून सत्यवानचा आवाज आला, "ह्याच ता! त्या दिसाचा ह्याच!" मागून गुरुदास पुटपुटला, "होय मॅडम. असाच होता."

मग मी पेटलो. फाटक्या कागदातून वारा आत येत होता. टॉवरचा लाल दिवा नेमका माझ्या मागे होता. मोबाइलवर लाटांचा आवाज येत होता.

"आमचो," सत्यवान म्हणाला.  "मुख गावला. गुरुदासा, सुकाणू माझ्याकडे दी."

गुरुदासने ते दिलं. बोट एकदाही न अडखळता आत आली.

अहवाल लिहून झाला. बाबुशने मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, नव्या ताऱ्यावर सहा पानं आहेत, फोटोंसह. रंग किती, उंची किती, कुठून किती दिसतो. माझ्यावर एक ओळ: "जुना तारा, नेहमीच्या जागी." वर्तमानपत्रांनी त्याचाच फोटो छापला. प्रीतमचे पाहुणे अजूनही त्याच्याखाली उभे राहून फोटो काढतात, आणि मधे येतो म्हणून मला कापून टाकतात. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. मी मोजतोय, त्याचे तेवीस झाले. मी सुधारलो असं समजू नका. अजून पोटात दुखतं.

पण गुरुदास दुसऱ्याच दिवशी मामाच्या दारात जाऊन उद्याचं विचारत होता, "फाल्यां कितक्या वाजता सुटूचा?" आणि सेवरीना आता दिवा लावला की समुद्राकडे बघत उभी राहते. त्याची होडी आत आली की मगच घरात जाते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सांगायचा मोह मला होतो, पण ते मी माझ्यासाठीच सांगेन. म्हणून दुसरंच सांगतो. नवा दिवा खुशाल लावा, माझ्यापेक्षा सुंदर लावा. फक्त जुना उतरवण्याआधी पडवीत येऊन एकदा विचारा, याच्या भरवशावर कोण अजून पाण्यात आहे?